आधी मजकूर, मग नाव

औलूला जानेवारीत दुपारी तीनलाच अंधारून येतं.
तूलिक्की स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणते, "काढ."
मी वीज काढते.
रिलेचा टक् आवाज. पंखा फिरत फिरत थांबतो.
यंत्र लिहिता लिहिता मरतं,
शब्दाच्या मध्येच.
मग त्याला उठवायचं आणि विचारायचं,
काय काय आठवतंय?

आज हे चारशे सोळाव्यांदा.

तक्रार हायलुओतो बेटावरून आली होती.
ओइवा लुमियार्वी, वय एकोणऐंशी,
रोज सकाळी समुद्रावर चालत जाऊन
बर्फाला भोक पाडतो, जाडी मोजतो.
कुणी सांगितलं नव्हतं. कुणी विचारतही नव्हतं.
अठ्ठावीस हिवाळे वह्यांमध्ये होते.
मुलीने लॅपटॉप आणला, सगळे आकडे त्यात बसवले
आणि वह्या सौनाच्या चुलीत गेल्या,
ओला बर्च पेट घेत नव्हता त्या संध्याकाळी.

मग एकदा वादळात दिवे गेले. आले.
फाइल जागच्या जागी.
नाव बरोबर, तारीख बरोबर,
आकार शून्य.

नाव मोठं, लक्षण खोटं म्हणतात.
इथे खोटंसुद्धा काही उरलं नव्हतं.

फाइल सिस्टिम तशी जुन्या पेढीसारखी वागते.
आधी कीर्द, मग खतावणी.
मध्येच अंधार झाला तर कीर्द उघडायची,
बोट ठेवून वाचायचं, उरलेलं पुरं करायचं.
पण आमच्या कीर्दीत नुसती नावांची देवघेव होती:
जुन्याचं नाव पुसलं, नव्याला दिलं, सही, शिक्का.
आणि मजकूर बिचारा बाहेर बाकावर बसलेला,
थांब जरा, तुला जागा देते नंतर.
पाच सेकंद, कधी तीस.
एरवी कुणाला कळतही नाही.
नंतर नावाचं काही असतं
यावर सगळं जग चाललेलं आहे.

चारशे सतराव्यांदा सापडलं.
मी ओरडले. तूलिक्की ओरडली नाही,
तिने थंड झालेली कॉफी संपवली
आणि तीन ओळी लिहिल्या.
तीनच. त्यांचा अर्थ एवढाच:
आधी मजकूर दगडावर उतरू दे,
मग नाव.

यार्क्कोने मोजून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.
"चार टक्के हळू झालं."
तूलिक्की म्हणाली, "हो."
तो उभाच राहिला, पुढचं वाक्य येईल म्हणून.
आलं नाही.

संध्याकाळी ओइवाला फोन केला.
दुरुस्त झालं म्हटलं. परत मिळणार नाही तेही म्हटलं.
पलीकडे केटली शिट्टी वाजवत राहिली.
मग तो म्हणाला, तीन आकडे पाठ आहेत माझे.
एकोणीस, कुत्री आत पडली, निघाली.
चौऱ्याऐंशी, ड्रिलचं पातं तुटलं.
आणि एका मार्चात शून्य,
किनाऱ्यापर्यंत नुसतं पाणी.
ते शून्य मी स्वतः लिहिलं होतं,
तो म्हणाला,
ते वेगळं.

या शून्यासाठी आमच्याकडे
कुठलाच रकाना नाही.

ठेवता ठेवता त्याने विचारलं,
आता मी सेव्ह दाबलं की ते राहतं ना?
तूलिक्कीने खिडकीकडे पाहिलं.
काचेत फक्त आम्ही दोघी आणि ट्यूबलाइट.
"डिस्क म्हणते, राहतं."
"आणि तू काय म्हणतेस?"
"तू वहीतही लिही."

फोन ठेवून तिने हातमोजे घातले, मग पुन्हा काढले.
यंत्र लिहीत होतं.
डिस्कचा छोटा हिरवा दिवा
झालं, झालं, झालं, म्हणत होता.

"काढ," ती म्हणाली.